पंचमीला धरलेला पत्रा

माझे सासरे गेनबा, आमचे आबा, म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. हडपसर गावठाणात आमचं घर. रान आयटी पार्कात गेलं तेव्हा आबांनी अंगणाच्या एका कडेला खोल्या बांधल्या आणि कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिल्या. पोरं त्यांना अंकल म्हणायची. "अंकल आसंल तुझा बा," असं खेकसायचं, आणि सकाळी पोरांच्या अंघोळीसाठी स्वतःच बंब पेटवायचा, ही आबांची रीत. नवी सून म्हणून आले तेव्हा मला फक्त खेकसणं ऐकू यायचं, बंब दिसायचा नाही.

अंगणाच्या दुसऱ्या कडेला मुक्ताआत्याच्या घराची मागची भिंत होती. आत्या म्हणजे आबांची धाकटी बहीण, गावातच दिलेली. सासर आणि माहेर यांच्यामध्ये एवढी एक भिंत. पण रान विकलं तशी रानातली विहीरही बुजली, आणि आत्याचे यजमान तात्याराव त्याच विहिरीवर भाजीपाला काढायचे. तेव्हापासून दोन्ही घरांत विस्तव जात नव्हता. आत्याचं नागपंचमीला माहेरी येणं थांबलं, आणि आबांनी तिला न्यायला जाणं सोडलं. विहिरीच्या काठाचे दगड मात्र त्यांनी आणून आमच्या अंगणात रचून ठेवले होते. कशाला, ते विचारायची सोय नव्हती.

त्या उन्हाळ्यात तात्यारावांनी घरावर नवे पत्रे घातले. कारागिरानं ते आखूड कापले. मागच्या बाजूला पत्र्याची कड जेमतेम भिंतीवर येऊन संपायची. पाऊस आला की पाणी कडेवरून खाली पडायचंच नाही. कडेला चिकटून आत वळायचं आणि भिंतीवरून ओघळायचं. तात्यारावांना खोलीतली ओल दिसत असेल, पण ती येते कुठून हे फक्त आमच्या अंगणातून दिसायचं. आबा बाजेवर बसून रोज ते बघायचे. भिंतीपलीकडून आत्याच्या खोकल्याचा आवाज यायचा. तिला दम्याचा त्रास होता. ती खोकायला लागली की तंबाखू मळणारा आबांचा हात थांबायचा.

"आबा, तात्यारावांना सांगा ना," मी एकदा म्हटलं.

"मी? दाजीला?"

"मग मी सांगते."

"तू तुझ्या कंप्युटरला सांग."

पुढच्या एका रविवारी मात्र आबा सोलापूर रस्त्यावरच्या दुकानातून पत्र्याची लांबलचक पट्टी खांद्यावर टाकून आले. पट्टी लांबीत दुमडलेली होती आणि तिची खालची कड किंचित बाहेर वळवली होती. "ही पत्र्याखाली सरकवायची आन खिळं मारायचं," ते म्हणाले. "मंग पानी भिताडाला चिकटत न्हाई. फुडं उडी मारतंय."

तात्याराव बाहेर गेलेले बघून त्यांनी शिडी लावली. मी ती धरून उभी राहिले. दुसऱ्याच्या छपराला न विचारता हात लावायचा म्हणून मी सारखी फाटकाकडे बघत होते. आबांनी पट्टी सरकवली आणि पहिल्या खिळ्यावर पहिला घाव घातला.

"कोन हाय रं? पंचमीला ठोकतंय कोन?" आतून आत्या ओरडली.

मी जीभ चावली. सासूबाई गेल्यापासून आमच्या घरात सणवार माझ्या सुट्टीप्रमाणे चालत. पंचमीला कापायचं नाही, ठोकायचं नाही, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात नव्हतं.

"मी हाय," आबा म्हणाले.

त्या भिंतीतली बारकी खिडकी कित्येक वर्षांनी उघडली. "हातोडा खाली ठेव. काल तुजा उपास धरलाय म्या. आज लोखंड ठोकलंस तर समदा वाया जाईल."

"माजा उपास?"

"मग कुनाचा? दुसरा भाऊ हाय का मला?"

"दरसाली धरतीस?"

"भांडान तुजं आन त्यांचं. माजा उपास कशापायी मोडंल?"

तेवढ्यात सर आली. पट्टी घसरायला लागली. आबांनी हातोडा माझ्याकडे दिला आणि पट्टी दोन्ही हातांनी धरून ठेवली. भिंतीवरून ओघळणारं पाणी आता पुढे उडी मारून थेट त्यांच्या डोक्यावर पडत होतं.

"आबा, उतरा."

"गप."

खिडकीतून बांगड्यांचा हात बाहेर आला आणि भिंत चाचपू लागला. "दादा, वघळ थांबला रं," आत्या म्हणाली.

मग आमच्या फाटकातून छत्री आली. छत्रीखाली तात्याराव. आता काही खरं नाही, असं मला वाटलं. त्यांनी वर बघितलं.

"पाव्हनं, किती येळ धरनार?"

"आज खिळा चालत न्हाई."

"आन दगूड?"

दगड ठेवायला पंचमीची ना नाही. तात्यारावांनी छत्री मिटली, आमच्या अंगणातल्या ढिगाकडे गेले, एक दगड उचलला आणि हातात फिरवून पाहिला. "हिरीचा हाय ह्यो."

"व्हय," आबा म्हणाले. "टाकवंना मला."

तात्याराव शिडीच्या दोन पायऱ्या चढले आणि एकेक दगड वर देत गेले. आबांनी ते पत्र्यावर, पट्टीच्या वरच्या अंगाला, मांडले. दोघंही नखशिखांत भिजले. विहिरीविषयी पुढे कुणी काही बोललं नाही.

उतरल्यावर आबा तसेच ओल्या अंगानं गल्लीतून वळसा घालून आत्याच्या पुढच्या दारात गेले. मी आणि तात्याराव मागोमाग. आत्या पुरणाची दिंडं उकडून ताटलीत काढत होती.

"चल," आबा म्हणाले.

"कुठं?"

"न्यायला आलोय."

आत्यानं आधी पदरानं त्यांचं डोकं पुसलं. लहान पोराचं पुसावं तसं, खसाखसा. आबांनी पुसू दिलं. मग तिनं दिंडांची ताटली उचलली आणि चप्पल न घालताच उंबरा ओलांडला.

तात्याराव दारात धोतर पिळत उभे होते. "सांजच्याला आनून सोडा, पाव्हनं," ते म्हणाले. "लांबचा पल्ला हाय."