बिनचोचीचा कोंबडा

टोकावड्याला एसटी थांब्यासमोर माझ्या ओळखीतल्या एका मुलीचं झेरॉक्सचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की ती फोनवर बारीक बारीक चौकोन रंगवून चित्रं काढते. याला पिक्सेल आर्ट म्हणतात, हे मला तिनेच सांगितलं. अशा हौशी लोकांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे आणि तिथल्या नवख्यांसाठी ती क्लास घेणार होती. प्रत्येक धडा आधी माझ्यावर करून बघायची.

"काकू, तुमी अडलात म्हंजे धडाच चुकला," असं म्हणून तो पुन्हा नव्याने मांडायची. मग फोन हातभर दूर धरायचा आणि म्हणायचं, "आता लांबून बघा." हे तिचं पालुपद.

पहिला क्लास मी तिच्या शेजारी बसूनच पाहिला. धडा होता कोंबड्याचा. एका बाईंचा कोंबडा थेट किटलीसारखा झाला आणि ग्रुपवर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. "मला नाही जमणार," असं लिहून बाई निघाल्या.

तिने स्वतः काढलेला कोंबडा मी पाहिला होता. तुरा असा, की आता आरवेल. नमुना म्हणून तोच ती पाठवणार होती. तो तिने तसाच ठेवला, घाईघाईत किटलीहून वाईट असा एक कोंबडा काढला आणि पाठवून दिला. खाली लिहिलं, "हा माझा. ताई, तुमच्याला निदान चोच तरी आहे."

बाई थांबल्या.

चांगला कोंबडा अजून तिच्या फोनमध्येच आहे. ग्रुपवर तिला सगळे ओळखतात ते त्या बिनचोचीच्या कोंबड्यावरून.