आग्नेयेकडे उशी

बालीला आम्ही गेलो ते समुद्रात डुंबायला. विमान उतरणीला लागलं, ढग बाजूला झाले आणि खिडकीत आगुंग उभा राहिला. निळसर, एकटा ज्वालामुखी. मी हात जोडले. जोडले म्हणजे काय, ते जोडलेले मला दिसले. बायको बघतच राहिली, कारण आमच्या घरात असलं काही चालत नाही. वडिलांनी तरुणपणी धम्मदीक्षा घेतली, घरातले टाक नदीत सोडले आणि दगडापुढे वाकायचं नाही हे आम्हाला पाढ्यांच्या आधी शिकवलं.

सिंगापूरला परतलो, पण डोंगर काही पिच्छा सोडेना. बुकित पंजांगच्या आमच्या फ्लॅटमधून समोर नुसते उंच इमारतींचे ब्लॉक दिसतात. त्यांच्यामागे संध्याकाळी ढग चढले की त्यांत तो त्रिकोण उभा असायचा. ऑफिसात मीटिंग चालू असताना मानेवर कुणीतरी बघत असल्यासारखं व्हायचं. भीती वाटायची, आणि जावंसंही वाटायचं. बालीतले लोक त्या डोंगराकडे डोकं करून झोपतात, असं तिथल्या ड्रायव्हरने सांगितलं होतं. एका रविवारी मी पलंग फिरवला आणि उशी आग्नेयेला नेली. पलंगाबरोबर डोकंही फिरलंय, असं बायको म्हणाली.

मग आगुंग चढायची तयारी सुरू केली. इथे डोंगर कुठून आणायचे? लोक आपापल्या ब्लॉकचे जिने चढतात, पाठीवर वजन घेऊन. मी सॅकमध्ये तांदळाची पिशवी कोंबली. लेक लिफ्टपाशी दिसली की तोंड फिरवून इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणायची, "पा, पीपल आर लुकिंग, ला."

त्याच सुमारास नागपूरहून वडील राहायला आले. आल्या आल्या त्यांनी तो तिरका पलंग पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. वास्तुवाला कुठला गाठलास, एवढंच त्यांनी विचारलं. खरं सांगण्यापेक्षा मला वास्तूचा आळ परवडला. म्हातारा माणूस मान खाली घालून जेवायचा, वाढलेलं संपवायचा आणि खोलीत जायचा. माझं पोरगं हातचं गेलं, असं त्यांना वाटत होतं, आणि मला ते दिसत होतं.

एका संध्याकाळी आमच्या मजल्यावर ते लिफ्टमधून बाहेर आले, तेव्हा मी जिन्यावर वाकून धापा टाकत होतो.

"खाली ठेव ते," ते म्हणाले.

मी सॅक उतरवली, पायरीवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. विमान, हात, उशी. आता बोलणी बसणार म्हणून वाट पाहत राहिलो. ते माझ्याकडे बघतच नव्हते, त्या सॅककडे बघत होते. मग शेजारी बसून त्यांनी त्यांच्या आईचं सांगितलं. गावाजवळच्या टेकडीवर देऊळ होतं. त्याच्या पायऱ्या बांधल्या तेव्हा तिने डोक्यावरून दगड वाहिले, पार वरपर्यंत. पायऱ्या झाल्यावर आपल्या लोकांना पहिल्या पायरीवरच अडवायला लागले. पुढे म्हातारपणी ती रोज दारात बसून त्या टेकडीकडे बघत राहायची. वडिलांना याचा संताप यायचा. काय ठेवलंय तिथं, म्हणून ते तिच्यावर खेकसायचे.

"ती म्हणायची, देव नको मला. वरून कसं दिसतं ते बघायचं राहून गेलं. डोक्यावर दगड होता, मान वळवता आली नाही."

मग त्यांनी विचारलं, "तुझ्या त्या डोंगरावर कुणाला अडवतात?"

सणवार असला की सगळ्यांनाच बंद असतो, एरवी वाटाड्या घेऊन कुणीही जातं, असं मी सांगितलं.

"मग जा. पाठीवर काही घेऊ नको. वर पोचलास की नीट उभा राहा आणि चारी बाजूंनी बघ. तिच्यासाठी."

मेल्यानंतर काही उरत नाही, असं आयुष्यभर सांगणारा माणूस हे बोलला आणि गुडघ्यावर हात टेकून उठला.

ते नागपूरला परत गेले. माझं तिकीट काढून झालंय. जिने मी अजून चढतो, रिकाम्या पाठीने. पण वरच्या मजल्यांकडे वळलो की माझ्या पुढे दोन-चार पायऱ्यांवर कुणाची तरी धाप ऐकू येते, ओझं असलेल्या माणसाची. आजीला मी कधी पाहिलेलं नाही, तिचा फोटोही कुणाकडे नाही. मला भीती वाटते. तरी मी कठड्याला धरून थांबतो आणि तिला आधी वर पोचू देतो.