परबकाकांच्या कानांसाठी पाच मैफली

घाटकोपरच्या एका मैफलीत परबकाका तिसऱ्यांदा उभे राहिले आणि माइकच्या माणसाला म्हणाले, "अहो, तंबोरा वाढवा जरा. काही ऐकूच येत नाहीये."

गायिका गाता गाता थांबली. शंभरेक माणसं मागे वळून बघायला लागली. मी त्यांच्या शेजारीच बसले होते. तंबोरे चांगले खणखणीत वाजत होते. मी काकांच्या सदऱ्याची बाही हळूच ओढली.

"काका, येतोय आवाज. भरपूर येतोय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्टेजकडे पाहिलं आणि खाली बसले. मध्यंतरात चहा घ्यायला म्हणून उठले ते परत आलेच नाहीत.

दशरथ परब आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीत माझ्या अगदी वरच्या मजल्यावर राहतात. त्यांचे वडील कुडाळजवळच्या गावातून येऊन गिरणीत लागले. काका स्वतः विक्रोळीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते, चौतीस वर्षं. लोखंडाच्या दोन तुकड्यांतला केसाहून बारीक फरक बोट फिरवून सांगणारा माणूस. गाणं ते शिकले नाहीत. बाविसाव्या वर्षी कामगारांसाठी ठेवलेल्या एका कार्यक्रमात सतरंज्या घालायचं काम त्यांच्याकडे आलं. घालून झाल्यावर तिथेच कडेला बसले, आणि तीन तासांनी उठले ते कायमचे ऐकणारे होऊन.

निवृत्तीनंतर त्यांनी एक काम अंगावर घेतलं. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरी, कधी चेंबूर, जिथे जिथे गाण्याबजावण्याचा कार्यक्रम असेल तिथली माहिती काढायची आणि सोमवारी सकाळी ओळखीच्या सगळ्यांना फोनवर यादी पाठवायची. नुसती यादी नव्हे. "बोरिवली, शनिवार सहा वाजता. गायक नवा आहे, पण घाई करत नाही. जा." "अंधेरी, रविवार. सतारीसाठी जा, निवेदनाकडे लक्ष देऊ नका. एसी फार, शाल न्या." मी नोकरीसाठी कोल्हापूरहून इथे आले तेव्हा या शहरात माझ्या ओळखीचं चिटपाखरूही नव्हतं. सुट्टीचा दिवस खायला उठायचा. जिन्यात भेटल्यावर काकांनी माझा नंबर घेतला आणि पुढच्या सोमवारपासून मला जायला जागा मिळाली. गाणं कसं ऐकायचं, कुठे थांबून दाद द्यायची, कुठे गप्प बसायचं, हे सगळं मी त्यांच्या शेजारी बसून शिकले. ते उपकार मोठे आहेत.

घाटकोपरच्या त्या दिवसानंतर यादी बंद झाली.

तपासणी झाली. कान दोन्ही गेलेले, आणि आजचे नाहीत. टूलरूमच्या भिंतीपलीकडे प्रेसशॉप होतं, दिवसभर धाडधाड. कानात घालायला बोळे मिळायचे, पण ते घातले की मशीनचा बदललेला आवाज कळत नाही, म्हणून काका ते खिशातच ठेवायचे. "माझीच चूक," असं ते स्वतः सांगतात. दोन्ही कानांना मशीनं बसवली. कुकरची शिट्टी, दारावरची बेल, विमलाकाकूंची हाक, सगळं परत आलं. काकू खूश झाल्या.

गाणं मात्र आलं नाही. काकांनी घरी रेकॉर्ड लावून पाहिली. तंबोऱ्याची तार छेडली की पहिला क्षण ऐकू यायचा, आणि मग कोणी दार लोटून घ्यावं तसा आवाज मागे मागे जायचा. पेटीचा सूर पाण्याखालून आल्यासारखा थरथरायचा. दोन दिवस त्यांनी प्रयत्न केला. मग सगळ्या रेकॉर्ड खोक्यात भरल्या आणि खोकं माळ्यावर टाकलं.

"माझं गाणं संपलं," ते काकूंना म्हणाले.

"मशीन त्या चेडवान दिल्यान मा?" काकू म्हणाल्या. "मगे तिका इचारलात काय?"

"तिला काय विचारायचं? ती तर पोर आहे."

दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन काकू स्टेशनजवळच्या कानांच्या दवाखान्यात गेल्या. ती पोर म्हणजे गंधाली, वय सत्तावीस, कान तपासून मशीन बसवणारी. काकूंनी सगळं सांगितल्यावर तिने कपाळाला हात लावला.

"काकांनी गाण्याचं मला सांगितलंच नाही. मी विचारलं, घरात कोणाशी बोलायला अडचण येते? ते म्हणाले, बायकोशी. मी मशीन तुमच्या आवाजासाठी लावलं."

"तो आवाज अजून आयकाक येत नाय म्हणानच सांगतत हे," काकू म्हणाल्या, आणि आम्ही तिघी हसलो.

तिने काकांना बोलावून घेतलं. ते आले, पण चेहरा बंद. गंधालीने वही उघडली. "काका, मला गाण्यातलं काही कळत नाही. गाडीत लागतं ते ऐकते. तुम्ही मला नेमकं सांगा, काय होतं?"

नेमकं सांगा म्हटल्यावर टूलरूमचा माणूस जागा झाला. तार छेडल्यापासून किती वेळाने आवाज पडतो, एकदम पडतो की उतरत जातो, कुठल्या पट्टीत सूर थरथरतो, कुठल्या पट्टीत नाही, सगळं त्यांनी सांगितलं. गंधाली लिहीत होती. मग तिने पेन खाली ठेवलं.

"कळलं मला. हे मशीन माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेलं असतं. बोलणं सारखं बदलतं. एखादा आवाज न बदलता चालूच राहिला की मशीनला वाटतं, हा पंखा असणार. मग ते त्याला दाबतं."

काका खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे हे तंबोऱ्याला पंखा समजतं?"

"हो. आणि पेटीच्या लांब सुराला स्वतःची शिट्टी समजतं, म्हणून तो हलवून टाकतं."

काका जे हसायला लागले ते थांबेनात. दीड महिन्यात पहिल्यांदा हसले, असं काकू नंतर म्हणाल्या.

गाण्यासाठी वेगळी सेटिंग करता येणार होती. पंखा ओळखण्याची ती हुशारी बंद करायची. पण त्या छोट्या खोलीत, फोनवरच्या आवाजावर ते तपासता येईना. गंधाली म्हणाली, "मला खरा हॉल हवा, खरी माणसं गाताना. असा कार्यक्रम जवळपास आहे का कुठे?"

हा प्रश्न तिने परबकाकांना विचारला! जानेवारी होता, गाण्याचा हंगाम. काकांनी चष्मा सारखा केला, फोन काढला आणि दहा मिनिटांत एका आठवड्यातल्या पाच मैफली काढून दिल्या.

मंगळवारी मुलुंडलाच गायन होतं. गंधाली मांडीवर लॅपटॉप घेऊन काकांच्या शेजारी बसली. तो त्यांच्या मशीनला जोडलेला. पुढच्या रांगेतल्या बाई भडकल्या. "गाणं ऐकायला आलीस की ऑफिस करायला?"

"बाई, ती माझे कान दुरुस्त करतेय," काका म्हणाले. "तुम्ही ऐका."

तंबोरा त्या दिवशी ऐकू आला. पूर्ण, न तुटता. पण पहिली टाळी पडली आणि काकांनी दोन्ही हातांनी कान धरले, कोणी दगड फेकावेत तशा त्या टाळ्या आदळल्या. गंधालीने वहीत लिहून घेतलं आणि मोठे आवाज आवरले.

गुरुवारी घाटकोपर. जिथे ती फजिती झाली तोच हॉल, आणि सतारवादन. वादक वरच्या सप्तकात गेला आणि काकांच्या कानातून बारीक शिट्टी सुरू झाली. काकांना ती ऐकू येईना, पण आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. पुन्हा तेच चेहरे. काका उठले आणि बाहेर जिन्यावर जाऊन बसले. गंधाली आणि मी मागोमाग गेलो.

"पुरे झालं," ते म्हणाले. "दुसऱ्यांच्या गाण्यात मी विघ्न आणतोय. हे काय खरं नाही."

गंधालीचा चेहरा उतरला होता. "काका, चूक माझी आहे. शिट्टी दाबणारं सगळंच मी काढून टाकलं. आता आवाज कुठूनतरी बाहेर गळतोय."

गळतोय म्हटल्यावर काकांनी उजव्या कानातलं मशीन काढलं आणि दिव्याखाली धरून त्याची मऊ रबरी टोपी बोटांत फिरवली. "फिटिंग सैल आहे. हिच्यापेक्षा अर्ध्या आकाराने मोठी आहे का तुझ्याकडे?"

तिच्या पर्समधल्या डबीत सगळे आकार होते. काकांनी एकेक टोपी बोटावर घासून पाहिली, डाव्या कानाला एक आणि उजव्या कानाला दुसरीच निवडली. शिट्टी थांबली. "दोन्ही कान सारखे असतात असं कोणी सांगितलं तुला?" ते तिला म्हणाले. तिने तेही वहीत लिहिलं.

शुक्रवारी बोरिवलीला एका बाईंचं गाणं होतं. गंधालीला जमणार नव्हतं, माझं ऑफिस होतं. मग विमलाकाकू निघाल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्या नवऱ्याबरोबर एकदाही मैफलीला गेल्या नव्हत्या. आधी सासूबाईंचं आजारपण, मग मुलांच्या शाळा, मग सवय. गंधालीने त्यांना वही दिली आणि सांगितलं, काका कपाळाला आठी घालतील तेव्हा वेळ लिहायची आणि स्टेजवर काय चाललंय ते लिहायचं. ती वही मी पाहिली आहे. "सहा वाजून वीस. तबला टोचता." "पावणेसात. पेटी बरी. आठी नाय." मग बराच वेळ काहीच नाही, आणि शेवटच्या पानावर, "बायचो आवाज लय गोड. लिहूक इसारलंय."

परत येताना रिक्षात काका म्हणाले, "तुला कधी नेलं नाही मी."

"नेलात नाय ह्या खरा," काकू म्हणाल्या. "उद्या खंय आसा?"

उद्या अंधेरीला पखवाज होता. दोघंही गेले.

रविवारी सकाळी विक्रोळी. कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका छोट्या हॉलमध्ये स्वरदा नावाच्या तरुण मुलीचं गाणं होतं. मी गाडी काढली, आम्ही चौघंही गेलो. साठ-सत्तर माणसं, खाली बैठक, दोन तंबोरे. माइक फक्त नावाला. स्वरदाने तंबोरे जुळवायला चांगली दहा मिनिटं घेतली. लोकांची चुळबुळ सुरू झाली, पण काका डोळे मिटून बसले होते. गंधाली त्यांचा चेहरा बघत एकेक बारीक बदल करत होती.

तंबोरा खरोखर नीट जुळला की त्यातून एक जास्तीचा सूर निघतो. गंधार. कुठलीच तार त्या सुराला लावलेली नसते, तो आपोआप बोलतो. काकांनीच मला तो ओळखायला शिकवला होता. मला दोन वर्षं लागली होती. त्या सकाळी तो मला ऐकू आला आणि मी काकांकडे पाहिलं. त्यांचा हात वर झाला होता, तळवा गंधालीकडे.

"आता हात लावू नकोस," ते म्हणाले. "आहे तसं राहू दे."

तिने लॅपटॉप मिटला. पुढचे दोन तास तिला काही काम नव्हतं, म्हणून ती आयुष्यात पहिल्यांदा नुसती बसून गाणं ऐकत राहिली.

कार्यक्रम संपल्यावर काका स्टेजजवळ गेले. स्वरदाला म्हणाले, "बेटा, तू दहा मिनिटं घेतलीस ना जुळवायला, त्याबद्दल तुझे आभार." तिला अर्थातच काही कळलं नाही. लोक तिच्या गाण्याचं कौतुक करत होते आणि हे गृहस्थ तंबोरे जुळवल्याबद्दल आभार मानत होते. मग ते गंधालीकडे वळले. त्यांनी नुसते हात जोडले. ती गडबडून म्हणाली, "काका, प्लीज, असं नका ना करू." काकूंनी तिला जवळ घेतलं.

सगळं पूर्वीसारखं झालं असं नाही. वरच्या पट्टीतलं जे गेलं ते गेलं. सारंगी त्यांना अजून कोरडी वाटते आणि मोठ्या सभागृहात मागे बसून काही लागत नाही. ते हे सरळ सांगतात. "आहे तेवढं खूप आहे रे रुचिरा," मला म्हणाले. भावना अनावर झाल्या की ते मलाही रे म्हणतात. त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी, यादी आली, आणि काकूंनी आपल्या मैत्रिणींना ती पुढे पाठवली.

गंधाली आता शनिवारची सकाळ गाण्याबजावण्यातल्या माणसांसाठी राखून ठेवते. चेंबूरचे एक व्हायोलिन शिकवणारे येतात, घाटकोपरचे एक भजनीबुवा येतात. बहुतेकांना आपल्याला काय ऐकू येत नाही ते शब्दांत सांगता येत नाही. म्हणून काका तिथे स्टूल घेऊन बसतात आणि त्यांना प्रश्न विचारतात.

गेल्या महिन्यात मनोरीहून एक आजी आल्या, तरीतून खाडी ओलांडून, मग दोन बस बदलून. गावातल्या चर्चच्या गायनवृंदात पन्नास वर्षं गायलेल्या. मशीन लागल्यापासून आपलाच आवाज परका वाटतो म्हणून गाणं सोडलेलं. काकांनी विचारलं, कुठे परका वाटतो? वर की खाली? आजींना सांगता येईना.

"मग गाऊनच दाखवा," काका म्हणाले.

आजी लाजल्या. बाहेर सातआठ माणसं नंबर लावून बसली होती. गंधालीने दार लोटायला हात पुढे केला, तर काकांनी मानेनेच नको म्हटलं. आजींनी डोक्यावरचा पदर सारखा केला, खुर्चीचा हात धरला आणि गायला सुरुवात केली. पहिली ओळ चाचरत आली. दुसऱ्या ओळीला गंधालीने एक बटण दाबलं. आजी थबकल्या, स्वतःच्या कानाला हात लावून पाहिला, आणि मग उरलेलं सगळं गाणं उभं राहून म्हटलं.