उजवी पाकळी
बाजारात सुरंगीच्या फुलांचा वळेसर, म्हणजे गजरा, दिसला की मी दुसऱ्या रस्त्याने जातो. त्या दुपारी पेडण्याच्या देवळात मी खांबाआड बसलो होतो आणि शेजारची तरुण विधवा देवाच्या मूर्तीला डावी-उजवीकडे पाकळ्या चिकटवून घेऊन कौल लावत होती. "देवा, तुळशीच्या लग्नानंतर त्या ड्रायव्हराबरोबर लगीन करू? व्हय तर उजवी पाकळी दी." "हळू गो, देव बहिरो नाय," भटजी म्हणाले. उजवी पडली. मला गोष्ट मिळाली. दिवाळी अंकात मी नाव-गाव बदलले, पण तिने वाहिलेला सुरंगीचा वळेसर तसाच ठेवला. गावात ते झाड एकट्या तिच्याच दारात होते. तिच्या दिराने ते वाचले आणि ड्रायव्हरला मारून पिटाळले. पुढे विहिरीवर ती एवढेच म्हणाली, "भाऊ, देवान उजवी दिल्यान, तुमी डावी दिलास." गोष्ट काल्पनिक असल्याचे मी आजवर सांगत आलो. ती तिची होती.