पहिल्या रविवारी पानिपत

हे गेले त्यानंतरच्या दोन-चार दिवसांत आमच्या निनादनं जिथे जिथे कळवायचं तिथे तिथे फोन केले. पुणं झालं, ठाणं झालं, ह्यांच्या ऑफिसातले जे कोणी अजून आहेत ते झाले. पानिपत तेवढं राहिलं. ते माझ्या लक्षात आलं तेराव्याला, पानं मांडताना. "अरे, लालाजींना सांगितलंस का?" तर म्हणतो, "आई, वो तो बिल्कुल भूल गया!" पन्नाशीला आला तरी गडबडला की मुलगा हिंदीत घुसतो. मग मीच फोन लावला. लालाजींना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून घर पाहुण्यांनी भरलेलं असताना मी ओरडून सांगितलं, "लालाजी, बाबूजी नहीं रहे!" तर नुसतं "अच्छा" म्हणाले आणि फोन ठेवून दिला. मला असा राग आला म्हणून सांगू! इतक्या वर्षांची ओळख, आणि एक "अच्छा"? तेराव्याचा स्वयंपाक मी त्या रागातच वाढला.

लालाजी म्हणजे आमचे सावकार. एके काळचे. ती गोष्ट सांगितल्याशिवाय माझे यजमान काय माणूस होते ते कळायचं नाही, म्हणून सांगते. हे केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि आम्ही दिल्लीत सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची ते दिवस. दर उन्हाळ्यात आम्ही गावाकडे निघालो की पत्रं यायची, "येताना पानिपतचं ब्लँकेट आणा हं." मावशीला एक, तिच्या जावेला एक, जावेच्या विहिणीला एक. आम्ही आपले ट्रंका भरभरून न्यायचो. एका वर्षी ह्यांच्या डोक्यात आलं की एवढी मागणी आहे तर धंदाच का करू नये? सरकारी नोकराला धंदा करायची परवानगी नाही, म्हणून सगळं माझ्या नावावर. लालाजींच्या दुकानातून ब्लँकेटं, रजया, खेस म्हणजे जाड सुती चादरी, सगळा माल उधारीवर उचलला. भाड्याला आणि हॉलला ऑफिसच्या सोसायटीतून कर्ज काढलं. आणि ठाण्याला प्रदर्शन लावलं... मे महिन्यात! कारण निनादच्या शाळेला सुट्टी मेमध्ये, ह्यांना रजा मेमध्ये, आणि तिकिटाचे पैसे सरकारकडून मिळणार तेही तेव्हाच. दिल्लीच्या थंडीत बसून हिशेब मांडलेला माणूस. ठाण्यात त्या दिवसांत अंगावर पदर नकोसा होतो, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. दोघांच्या म्हणतेय मी, कारण मीही मोठ्या हौसेनं पिशव्यांवर "मालकीण" म्हणून माझं नाव छापून घेतलं होतं.

नातेवाईक मात्र झाडून आले. पन्हं प्यायले, रजयांवरून हात फिरवले, "वा वसंता, नाव काढलंस!" म्हणाले आणि एकेक ब्लँकेट काखोटीला मारून गेले. पैसे नंतर. आता सख्ख्या मावशीला पैसे कसे मागायचे? ह्यांच्या तोंडून ते निघेचना. सगळ्यांना आमची ब्लँकेटं का आवडत होती ते तेव्हा कळलं. फुकट येत होती म्हणून आवडत होती. उरलेला माल पुन्हा मालगाडीनं दिल्लीला आला, त्याचं भाडं वेगळं. आपल्याकडे धूळधाण झाली की पानिपत झालं म्हणतात. आमचं तर पत्त्यासकट झालं होतं.

घरी परत आल्यावर ह्यांनी मला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं आणि किती देणं आहे तो आकडा सांगितला. काही लपवलं नाही. ह्यांचा वर्षभराचा सगळा पगार तिकडे दिला असता तरी ते पुरतं फिटलं नसतं. वर म्हणाले, "हे कर्ज माझं आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस." मी म्हटलं, "वा रे वा! पिशवीवर मालकीण मी, आणि कर्ज तेवढं तुमचं?" भांडणच झालं. ह्यांना माझं रक्षण करायचं होतं, आणि मला ते नको होतं. पण त्या दिवसांत मला खरी धास्ती पैशांची नव्हती. पैसे काय, आज ना उद्या फिटतात. धास्ती होती ती ह्यांची. मित्र दिसला की मुद्दाम उभं राहून गप्पा मारणारा हा माणूस ओळखीचं कोणी दिसलं की रस्ता ओलांडायला लागला होता. मंडळाच्या गणपतीला जाईना. कर्ज फिटेल हो, पण तोवर हा माणूस मोडून पडला तर?

पहिला हप्ता द्यायला हे एकटे पानिपतला गेले. संध्याकाळी आले आणि खिशातले पैसे जसेच्या तसे काढून माझ्यापुढे ठेवले. दुकानासमोरून फेऱ्या मारल्या म्हणे, पण आत शिरवेना. "अगं, पायच उचलेनात..." म्हणाले आणि ढसाढसा रडले. मनीऑर्डर करू या का, म्हणाले. मी म्हटलं, "मुळीच नाही. येत्या रविवारी मी येते." आणि त्या रविवारी मी माझी नारायणपेठ काढली, ह्यांच्यापुढे लग्नातला सूट टाकला. हे बघतच राहिले. "उधारी द्यायला जातोय आपण, बारशाला नाही!" मी म्हटलं, "तोंड लपवायचं असेल तर मळके कपडे घालतात. आपण तोंड दाखवायला चाललोय." थंडी सुरू झाली होती, पण साडी झाकली जाईल म्हणून मी स्वेटर घातला नाही. गाडीत कुडकुडायला लागले तेव्हा ह्यांनी आपला मफलर काढून माझ्या गळ्यात गुंडाळला. सगळा थाटच बिघडला.

लालाजी गादीवर बसले होते. वयानं ह्यांच्याएवढेच, पण आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. आमचा जामानिमा बघून त्यांना वाटलं, सगळी रक्कम आली. ह्यांनी पैसे पुढे ठेवले. लालाजींनी मोजलेसुद्धा नाहीत. "इतने से क्या होगा, बाबूजी?" दुकानातली माणसं वळून बघायला लागली. मला वाटलं, झालं, आता हे खाली बघणार. तर हे अगदी सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाले, "इससे शुरू होगा. हर महीने के पहले इतवार को हम दोनों आएँगे." लालाजी म्हणाले, "पैसे देने को दो जने क्यों?" आणि ह्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "कर्ज़ दोनों का है जी." ...घरात इतकं भांडूनही जे तोंडातून निघालं नव्हतं ते ह्यांनी परक्या बाजारात, चारचौघांत सांगितलं. आयुष्यात माझं कौतुक ह्यांनी पुष्कळ वेळा केलं असेल, पण त्या वाक्याची सर कशालाच नाही.

मग सुरू झाली आमची ती वर्षं. दिल्लीत परत आलेला माल आम्ही हिवाळ्या-हिवाळ्यात क्वार्टर्समधून विकला. हे स्कूटरवर गठ्ठा बांधून न्यायचे, मी वर जाऊन विकायचे आणि नंतर पैसेही मीच मागायचे. ह्यांना मागता येत नसे आणि मला न मागता राहवत नसे, असं आमचं छान जमलं. हे खाली स्कूटरपाशी उभे राहून उगाच टायर दाबून बघत बसायचे. भांडलो नाही असं नाही हं. मी दूध कमी केलं म्हणून हे चिडले, ह्यांनी स्वतःचा चष्मा बदलायचा टाळला म्हणून मी चिडले. एकदा तर गाडीत दिल्लीपासून पानिपतपर्यंत एकमेकांशी अवाक्षर बोललो नाही. पण गेलो दोघंही, आणि इस्त्रीचे कपडे घालूनच.

एका महिन्यात मात्र निनादला कावीळ झाली आणि औषधपाण्यात सगळं संपलं. हप्त्याला काही म्हणता काही उरलं नाही. मी म्हटलं, या महिन्यात राहू दे, पुढच्या वेळी दोन्ही नेऊ. हे म्हणाले, "पैसे असतानाच तोंड दाखवायचं, तर त्यात काय मोठंसं?" निनादला शेजारच्या बंगाली काकूंकडे ठेवलं आणि गेलो. दुकानात शिरल्या-शिरल्या ह्यांनी हात जोडले. "लालाजी, आज खाली हाथ आया हूँ. पर आया हूँ."  मला वाटलं, आता सगळ्यांदेखत काहीतरी ऐकवणार. तर लालाजींनी दुकानातल्या माणसाला हाक मारली आणि आतून दोन खुर्च्या आणवल्या. तोवर आम्ही गिऱ्हाइकांच्या बाकावर बसत होतो. मग त्यांच्या पत्नी, बीजी, घरातून चहा आणि गरम पराठे घेऊन आल्या, त्यांनी निनादची चौकशी केली आणि निघताना माझ्या हातात काविळीवर द्यायला म्हणून मुळ्याची जुडी ठेवली. त्या दिवसानंतर आम्ही बाकावर कधीच बसलो नाही. परतीच्या गाडीत हे खिडकीपाशी बसून चक्क शीळ घालत होते. ठाण्याहून आल्यापासून पहिल्यांदा. तेव्हा मला कळलं, आता काही भीती नाही, माझा माणूस मला परत मिळाला.

पुढे कर्ज फिटलं. शेवटचा हप्ता दिला तेव्हा लालाजींनी पेढे मागवले आणि एवढा मोठा माणूस हिरमुसला होऊन म्हणाला, "भाभीजी, अब अगले महीने नहीं आओगे?" गेलो की! दर महिन्याला नाही, पण सवड झाली की पहिला रविवार पानिपतचा. पुढे निनाद नोएडाला घर घेऊन राहिला, आम्ही त्याच्याजवळ आलो, गुडघे कुरकुरायला लागले, तरी वर्षातून दोनदा टॅक्सी करून जायचोच. लालाजी दर वेळी म्हणायचे, "बाबूजी, माल ले जाओ, उधार पे!" आणि हे हात जोडून म्हणायचे, "मई के बाद!" मग दोघं हसून हसून खोकायला लागायचे. लोक आपल्या नवऱ्याच्या हुद्द्याचं सांगतात, बंगल्याचं सांगतात. मी सांगते, माझा नवरा कर्जात होता तेव्हा मी त्याच्या शेजारी ताठ मानेनं बसले, आणि ती खुर्ची त्यानं मिळवलेली होती. जाईन तिथे सांगते.

परवा ह्यांच्या मागे महिन्याचा पहिला रविवार पहिल्यांदाच आला. सकाळी जाग आली ती सवयीनंच. काय वाटलं कोण जाणे, मी नारायणपेठ काढली. जरीत आता काही राम राहिलेला नाही, पण नेसले. सुनेनं बघितलं आणि निऱ्या सारख्या करून दिल्या. शहाणी आहे. ह्यांची वेताची खुर्ची गॅलरीत तशीच होती, त्यावर तो मफलर. मी समोर जाऊन बसले. कुठे जाणार होते? एकटीनं जायचं असं आमचं कधी ठरलंच नव्हतं.

दहाच्या सुमारास बेल वाजली. दारात लालाजी. एका बाजूनं नातवानं धरलेले, दुसऱ्या बाजूला बीजी. लालाजींनी कडक इस्त्रीचा बंद गळ्याचा कोट घातलेला, बीजींच्या अंगावर ठेवणीतला रेशमी सूट. दुखवट्याला असं कोणी येत नाही. सून गोंधळली, मी नाही गोंधळले. त्या फोनवरच्या "अच्छा"चा राग कुठल्या कुठे गेला. लालाजींना बोलायला दम लागत होता. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि तो गल्लीभर ऐकू जाणारा आवाज अगदी बारीक करून म्हणाले, "भाभीजी, आज हम खाली हाथ आए हैं... पर आए हैं."

मी इतके दिवस रडले नव्हते. तेव्हा रडले. मग डोळे पुसले आणि मफलर गळ्यात घालून ह्यांची खुर्ची लालाजींसाठी पुढे ओढली.