दोन झटके

आमच्या पोशेऱ्याच्या नळयोजनेचा पाइप बंधाऱ्यातून पाणी ओढायचा. त्याच्या तोंडावरची जाळी दर उन्हाळ्यात गाळानं बुजायची. मग बाबा श्वास धरून तीन पुरुष खोल जायचे आणि हातांनी गाळ काढायचे. कमरेला दोर, त्याचं दुसरं टोक काठावर आईच्या हातात. खाली पोचल्यावर बाबा दोन झटके द्यायचे, मग थोड्या थोड्या वेळानं देत राहायचे. झटके थांबले की आईनं ओढायचं. हा दोर बायकोनंच धरायचा, असा आमच्याकडे रिवाज होता.

दोन हजार सालानंतर बाबांचा कान बिघडला, तेव्हा योजनेच्या साहेबांनी मुंबईहून पाणबुड्या आणला. मी जव्हारला डी.एड. करत होते, सुट्टीत घरी आले होते, म्हणजे मला सगळं कळत होतं. त्याचं हिंदी आईला समजावून द्यायला मीच पुढे.

त्याच्या पाठीवरच्या हवेच्या टाकीच्या तोंडाशी अंगठ्याएवढी काळी डबी होती. टाकी उघडली की ती जागी व्हायची, आतल्या हवेचा दाब मोजायची आणि दर काही सेकंदांनी तो आकडा बिनतारी त्याच्या डाव्या मनगटावरच्या घड्याळाला कळवायची. तो किती भराभर श्वास घेतोय ते बघून घड्याळ हवा अजून किती मिनिटं पुरेल तेही सांगायचं. पूर्वी ह्यासाठी नळीला लोंबणारा काटा असायचा, म्हणे. मी हरखून गेले.

त्या आकड्याबद्दल आईनं एकच विचारलं, "त्या माला हितं काठावर दिसंल का?"

तो हसला. पाण्यात हे संदेश जेमतेम हात-दोन हात जातात. टाकीपासून मनगटापर्यंत, बस.

"मंग दोर बांध. तुझी बायको मुंबईला, म्हून मी धरते."

मला लाज वाटली. "आई, शहाण्यासारखं कर," मी सगळ्यांसमोर म्हटलं. पण त्यानं दोर बांधून घेतला, गंमत म्हणून. दोन झटक्यांचं मी त्याला सांगितलं, तेही हसतच.

तो बुडी मारून गेला. दोर सैल पडला. आईचे ओठ हलत होते, मोजत होती. झटका काही येईना. "अगं, त्याच्याकडे घड्याळ आहे," मी म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. पाय रोवले आणि ओढायला लागली.

तो चिडूनच वर आला. काय झालं होतं ते त्यानंच सांगितलं. गाळ काढायला डावा हात त्यानं पाइपात खांद्यापर्यंत घातला, लोखंड आणि गाळ मध्ये आला, संदेश तुटला. हात काढून पाहतो तर आकड्याच्या जागी नुसत्या रेघा. रेघांचा पुन्हा आकडा होण्याची वाट बघण्यात झटके राहून गेले, तोवर आईनं ओढलंच. काठावर आला तेव्हा आकडा परत दिसत होता. निम्म्याहून जास्त हवा शिल्लक होती. "हवा थी, माँजी!" तो ओरडला.

"हवा हाय त्या तुला ठावा," आई म्हणाली. "माला कोन सांगल?"

ह्याचं हिंदी मला करता येईना. करावंही लागलं नाही. त्यानं दोराची गाठ तपासली आणि तो पुन्हा उतरला. या वेळी दोन झटके आले. मग येत राहिले.

पुढे मला पालघरकडे शाळा मिळाली, मोबाइल आले. रोज संध्याकाळी आईला दोन मिस्ड कॉल द्यायचे, हे तिनंच ठरवलं. ती त्यासाठी रेंजच्या टेकाडावर जाऊन बसायची. एका संध्याकाळी मी मैत्रिणींत रमले आणि विसरले. सकाळी शाळा भरताना आई दारात उभी, पहिल्या जीपनं आलेली. रागावली नाही. मला वरपासून खालपर्यंत बघितलं, "हाय ना," म्हणाली आणि परतीच्या जीपला निघाली.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिची फार आठवण येते. संध्याकाळी हात अजून फोनकडे जातो, आणि मी बरी आहे हे कुणाला कळवायचं ते मला सुचत नाही.