चौथं स्टूल

आमच्या विज्ञानाच्या बाई बावीस वर्षं फळ्याकडे तोंड करून शिकवत आल्या. मग चार दिवसांच्या एका प्रशिक्षणाला गेल्या आणि परतल्या त्या आमच्याकडे तोंड करून. सातवीच्या वर्गात चौघीचौघींचे गट पडले. नियम एकच: बाई गटातल्या कुणाकडेही बोट दाखवणार, ती जे बोलेल त्यावर चौघींचे गुण.

"म्हणजे आपोआप एकमेकींना शिकवाल," बाई म्हणाल्या. त्यांचा यावर मनापासून विश्वास होता.

आमच्या वाट्याला गोगलगाय आली; सगळा वर्ग तिला याच नावानं हाक मारायचा. तिच्या हातात तार आणि सेल दिला की बल्ब पहिल्या फटक्यात लागायचा, पण तोंडातून शब्द निघता निघत नसे. ती अडखळली की आम्ही तिघी टेबलाखालून तिच्या पायावर पाय द्यायचो. आमचं शिकवणं ते एवढंच.

मग तपासणीची तारीख आली. बाईंची पद्धत इतर शाळांत न्यायची का, हे तपासणीला येणारे शिक्षण खात्याचे साहेब ठरवणार होते.

"गोगलगाय, उद्या जरा ताप येऊ दे ना गं," आदल्या दिवशी आमची गटप्रमुख म्हणाली.

"न-नाही येणार ताप. मी परिपथाचं उत्तर पाठ केलंय." आठवडाभर रोज आईला म्हणून दाखवत होती ती.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात बूट वाजले, तशा बाई तिच्या स्टुलापाशी आल्या. तिच्या खांद्यावर त्यांनी इतक्या मायेनं हात ठेवला की मला हेवा वाटला. "बाळ, मागच्या खोलीतल्या परीक्षानळ्या तेवढ्या धुऊन टाक. तुझ्याइतकं नीट कुणाला जमत नाही."

साहेब आमच्याच टेबलाशी थांबले. "चौथी कुठंय?"

"आजारी आहे," बाई म्हणाल्या.

मागच्या खोलीतला नळ बंद झाला. बाईंचा चेहरा उतरला. मग नळ पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा जोरात.

"परिपथ तुटला की बल्ब का विझतो?" साहेबांनी विचारलं. गटप्रमुखनं घडाघडा सांगितलं. साहेब खूश झाले. "याला म्हणतात सहकार्य."

वर्षभरात बाई इतर शाळांतल्या शिक्षकांना ही पद्धत शिकवू लागल्या. पण त्याआधी आमची आणखी एक तोंडी परीक्षा झाली. बाईंनी आमच्या गटाचं नाव घेतलं, तशी गोगलगाय कुणी काही न सांगता उठली आणि मागच्या खोलीत गेली. बाईंनी बोट माझ्याकडे वळवलं.

परीक्षानळ्या त्या दिवशी आधीच धुतलेल्या होत्या.